नोटीस आणि खोली : अंतर्गत सजावटकाराच्या हक्कांसंबंधी एका लेखनप्रकाराची चिकित्सा

प्रस्तावना

अंतर्गत सजावटकाराने रेखाटलेली खोली कोणी परस्पर दुसरीकडे उभारली, किंवा आराखडे ठेवून घेऊन मोबदला नाकारला, तर त्याला पहिला सल्ला मिळतो तो 'वकिलामार्फत नोटीस पाठवा' हा. हा सल्ला इतका सर्वमान्य झाला आहे की नोटीस हा एक मजकूर आहे आणि तो वाचावयाचा असतो, याचाच विसर पडला आहे. नोटीस पाठविली जाते, स्वीकारली जाते, क्वचित परत येते आणि बहुधा कपाटात पडून राहते. ती नेमके काय म्हणते, कोणत्या हक्काचे नाव घेते आणि त्या हक्काला कायद्यात जागा आहे काय, हे प्रश्न पाठविणाराही विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराची चिकित्सा करावयाची आहे. भाषेच्या अध्यापकाने कायद्याच्या प्रांतात पाऊल टाकणे काहींना अनधिकार वाटेल. तथापि व्यावहारिक मराठीच्या वर्गात आपण अर्ज, इतिवृत्त, निविदा, जाहिरात हे सारे शिकवितो. ज्या लेखनाने माणसाच्या उपजीविकेचे बरेवाईट होते, ती नोटीस मात्र वगळतो. विधी महाविद्यालयात ती शिकविली जाते, पण तेथे तिच्या परिणामाचा विचार होतो, भाषेचा होत नाही. सजावटीच्या अभ्यासक्रमांत तर तिचा उल्लेखही अभावानेच येतो. नोटिशीचे बळ तिच्यातील धमकीत नसून ती ज्या कागदाचे नाव घेते त्या कागदात असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भारतीय कायदा सजविलेली खोली सलग पाहत नाही, तिचे तुकडे पाहतो. त्यामुळे 'माझे डिझाइन' एवढेच म्हणणारी नोटीस पाठविण्यापूर्वीच दुबळी झालेली असते.

नोटिशीचा साचा

सोलापुरात, किंबहुना महाराष्ट्रात कोठेही, मराठी नोटिशीचा आरंभ ठरलेला आहे. 'आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून तुम्हांस या नोटिशीने कळविण्यात येते की' अशा शब्दांनी ती उघडते. मग क्रमांक घातलेले परिच्छेद येतात, प्रत्येकाच्या तोंडी 'सदर' किंवा 'वास्तविक पाहता'. शेवटी पंधरा दिवसांची मुदत, दिवाणी व फौजदारी कारवाईचा इशारा आणि 'या नोटिशीचा खर्च तुमचेवर बसविण्यात येत आहे' हे वाक्य. घरभाड्याची नोटीस, वाटणीची नोटीस, उसनवारीची नोटीस, सर्वांचा सांगाडा हाच. जमिनीच्या व्यवहारात तो चालून जातो, कारण तेथे गट क्रमांक, चतुःसीमा, दस्ताचा क्रमांक आणि तारीख हे सारे लिहावेच लागते. साचा जुना असला तरी त्यात ओतावयाचे द्रव्य नेमके असते.

हाच साचा सजावटकाराच्या तक्रारीवर बसविला की त्यातील द्रव्य नाहीसे होते. 'आमचे अशील हे प्रथितयश इंटिरिअर डिझायनर असून त्यांनी अत्यंत परिश्रमपूर्वक तयार केलेल्या डिझाइनची तुम्ही चोरी केली आहे' या धर्तीच्या वाक्यात एकही वस्तू नाही. कोणते डिझाइन? कागदावरचे की संगणकावरचे? कोणत्या तारखेचे? ते कोणाला, कशासाठी आणि किती शुल्कावर दिले? चोरी म्हणजे आराखड्याची प्रत काढली, की त्यावरून कपाट बनविले, की तशीच रंगसंगती वापरली? जमिनीच्या नोटिशीत चतुःसीमा नसती तर आपण हसलो असतो. येथे चतुःसीमा नाही हे लक्षातही येत नाही, कारण 'डिझाइन' हा शब्दच सर्व सीमा गिळून बसतो. विशेषणे मात्र भरपूर असतात. ज्या मजकुरात नाम सापडत नाही तेथे विशेषणांची गर्दी होते, हा आपल्या वर्गातील निबंधांचा अनुभव नोटिशीलाही लागू पडतो.

व्यवहारात घडते ते बहुधा असे. जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याकडील एखाद्या बंगल्याचे काम निघते. सजावटकार मोजमाप घेतो, दोन-तीन लेआउट दाखवितो, दिवाणखान्याचे थ्री-डी व्ह्यू मोबाइलवर पाठवितो. थोडी अनामत मिळते. नंतर घरमालकाचा फोन येणे थांबते आणि काही महिन्यांनी तेच पार्टिशन, तेच फॉल्स सीलिंग, तेच टीव्हीमागचे पॅनेल मिस्त्रीने उभे केलेले दिसते. करार नसतो, असलाच तर कोटेशनच्या मागील बाजूस दोन ओळी. मिस्त्री आणि प्लायवूडचा दुकानदार दोघांच्याही ओळखीचे असल्याने वाद उघडपणे बोलला जात नाही आणि एक दिवस एकदम नोटीसच निघते.

कायद्याला दिसणारे तुकडे

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये 'अंतर्गत सजावट' असा शब्दच नाही. कलम २ (क) मधील कलाकृतीच्या व्याख्येत चित्र, शिल्प, रेखाचित्र (त्यात नकाशा, तक्ता, आराखडा आले), छायाचित्र, वास्तुकलेची कृती आणि कलात्मक कारागिरीची अन्य कृती यांचा समावेश आहे. सजावटकाराची खोली या घरांत विभागली जाते. तिचा लेआउट व एलिव्हेशन हे रेखाचित्र. तिचा फोटो हे छायाचित्र. भिंतीवरचे म्युरल हे चित्र किंवा शिल्प. खास घडविलेली खुर्ची कदाचित कलात्मक कारागिरी. पडद्याच्या कापडावरील नक्षी आणखी निराळी. या सर्वांना एकत्र बांधणारी जी दृष्टी, जिच्यासाठी घरमालक सजावटकाराकडे येतो, तिला स्वतंत्र नाव नाही.

या तुकड्यांतील सर्वांत बळकट तुकडा आराखड्याचा आहे, ही गोष्ट नोटिशी लिहिणाऱ्यांच्या ध्यानात क्वचित येते. कलम १४ नुसार द्विमितीय कलाकृती त्रिमितीत उतरविणे हाही पुनर्निर्मितीचाच भाग आहे. म्हणजे आराखड्यावरून परवानगीवाचून कपाट बांधणे हे केवळ कल्पना उचलणे नव्हे. (यंत्राच्या निव्वळ उपयुक्त भागांना कलम ५२ चा अपवाद आहे, तो वेगळा.) कलम १७ अन्वये स्वतंत्रपणे काम करणारा सजावटकार आपल्या आराखड्याचा पहिला धनी असतो. पैसे देऊन काढविलेले छायाचित्र किंवा व्यक्तिचित्र हे, उलट करार नसल्यास, पैसे देणाऱ्याचे होते. आराखडा मात्र त्या यादीत नाही. शुल्क भरलेल्या ग्राहकाला त्या जागेपुरता वापर करण्याची मुभा आहे असे सामान्यतः मानले जाते, पण दुसऱ्या जागेसाठी तो आराखडा त्याचा होत नाही. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. 'पैसे दिले म्हणजे ड्रॉइंग आमचे' हा बाजारातील समज या कलमांपुढे टिकत नाही. याच कलम १७ ची दुसरी धार सजावटकारालाही लागते. कार्यालयात नोकरीस असलेल्या कनिष्ठाने काढलेला आराखडा त्याचा नसून मालकाचा असतो. तसेच पूर्ण झालेल्या घराचे फोटो घरमालकाने स्वखर्चाने काढविले असतील तर ते आपल्या माहितीपत्रकात छापण्यापूर्वी सजावटकाराने विचारलेले बरे.

नोंदणीबाबतही गैरसमज आहे. कॉपीराइटला नोंदणी आवश्यक नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका पूर्वीच्या निकालाने याविषयी गोंधळ झाला होता. संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या प्रकरणात २०२१ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी तो दूर केला. सोलापूरकरांना हा निकाल दिल्लीच्या कोणत्याही निकालापेक्षा जवळचा आहे, कारण येथील न्यायालयांवर मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय बंधनकारक असतात. (१८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा त्याच न्यायालयाच्या कोल्हापूर येथील खंडपीठाच्या कक्षेत आला आहे, त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठण्याचा खर्च तरी वाचेल.)

कापडाचा तुकडा मात्र सोलापूरला अधिक बोचणारा आहे. ज्या शहराची ओळख जॅकार्डवर विणलेल्या चादरीने झाली, ज्या शहरातील हातमागावरची वॉल हँगिंग दूरदूरच्या दिवाणखान्यांत गेली, तेथे नक्षी काढणाऱ्याचा हक्क किती टिकतो? कलम १५ (२) सांगते की डिझाइन कायद्याखाली नोंदविता येण्याजोगी, पण न नोंदविलेली नक्षी मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा वस्तूंवर उतरविली की तिच्यातील कॉपीराइट संपतो. मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या २००९ च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर नेमके सोफ्याचे कापडच होते. त्यावरील नक्षी ही कापडासाठीच काढलेली होती, म्हणून ती डिझाइन कायद्याच्या प्रांतातील, असे ठरून मूळ निर्मात्या कंपनीचा दावा फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या निकालात या सीमारेषेसाठी कसोटी घालून दिली. कृती निव्वळ कलाकृती आहे की औद्योगिक उपयोगासाठी तिच्यातून निघालेले डिझाइन, हे आधी पाहावयाचे. कॉपीराइटचे संरक्षण मिळत नसेल तर तिचे मुख्य प्रयोजन सौंदर्याचे आहे की उपयोगाचे, हे पाहावयाचे. ते प्रकरण द्रवरूप वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या रेखाचित्रांचे होते, पण त्याचा परिणाम माग आणि मॉड्युलर किचन दोहोंवर होणार आहे.

म्हणजे एकाच शहरात दोन नशिबे. एका बंगल्यापुरती एकच खुर्ची रेखाटणारा सजावटकार नोंदणीवाचूनही आपल्या आराखड्यावर हक्क सांगू शकतो. मागासाठी नक्षी काढणारा कलावंत एक्कावन्नाव्या नगाला तो गमावतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक आहे खरा, पण तो गावाच्या नावाचे रक्षण करतो, नक्षीकाराचे नाही. नक्षी बाजारात येण्यापूर्वी डिझाइन कायदा, २००० खाली नोंदविली तर दहा आणि वाढवून पंधरा वर्षे संरक्षण मिळते; बाजारात आल्यावर ती दारेही बंद होतात, कारण नावीन्य उरत नाही. अशा नक्षीबाबत 'कॉपीराइटचा भंग' म्हणून नोटीस पाठविणे म्हणजे विझलेल्या दिव्यावर तेलाचा हिशेब मागणे आहे.

भिंतीवरचे शिल्प आणि पाडलेली इमारत

अंतर्गत सजावटीच्या सर्वांत जवळचा गाजलेला भारतीय दावा शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील भिंतीसाठी सरकारने १९५७ मध्ये त्यांच्याकडे ब्राँझचे भव्य म्युरल सोपविले. १९७९ मध्ये ते काढून कोठारात टाकण्यात आले. त्यांच्या विनंत्यांचा उपयोग झाला नाही आणि १९९२ मध्ये ते न्यायालयात गेले. २१ फेब्रुवारी २००५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ५७ मधील निर्मात्याचे विशेष हक्क मान्य करून म्युरलचे अवशेष परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कृतीचा नाश हे तिच्या विद्रूपीकरणाचेच टोक आहे, असे या निकालाने मानले.

सजावटकारांच्या वर्तुळात हा निकाल मोठ्या आशेने उद्धृत केला जातो. पुढचा निकाल तितक्याच आवर्जून वाचला जात नाही. वास्तुविशारद राज रेवल यांचे १९७२ चे हॉल ऑफ नेशन्स प्रगती मैदानावर एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आले. त्यांनी कलम ५७ च्या आधारे ते पुन्हा उभारून मागितले. त्याच दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मे २०१९ रोजी दावा फेटाळला. काम दिसण्यासच उरले नाही तर ते सदोष स्वरूपात दिसून निर्मात्याची अप्रतिष्ठा होण्याचा प्रश्न राहत नाही. शिवाय इमारतीच्या मालकाचा मालमत्तेचा हक्क वास्तुविशारदाच्या विशेष हक्कापुढे नमणार नाही, असा त्यामागील विचार. दोन्ही निकाल एकेका न्यायमूर्तींचे आहेत आणि मुंबई-सोलापुरात ते मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नव्हेत.

या दोहोंच्या मध्ये सजावटकाराची खोली येते. तिच्यात म्युरलचा अंश आहे आणि इमारतीचाही. प्रस्तुत लेखकाच्या मते राहत्या घराच्या बाबतीत न्यायालये रेवल निकालाच्या बाजूने झुकतील, आणि ते अयोग्यही ठरणार नाही. घरमालकाने स्वतःच्या स्वयंपाकघराची टाइल बदलली म्हणून नोटीस पाठविणारा सजावटकार हक्क आणि अहंकार यांची गल्लत करतो. मात्र बदललेल्या कामावर त्याचे नाव तसेच मिरविले जात असेल तर त्याची तक्रार रास्त आहे. आणि स्वतंत्र म्युरल किंवा शिल्प घडविले असेल तर सहगल निकाल त्याच्या पाठीशी उभा राहू शकतो.

इटलीचा निकाल आणि आपले कलम ५९

खोली सलग पाहणारा निकाल परदेशात आहे. किको या सौंदर्यप्रसाधनांच्या साखळीने आपल्या दुकानांची अंतर्रचना प्रतिस्पर्धी विकॉनने उचलल्याचा दावा केला होता. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२० रोजी निर्णय दिला, की अंतर्गत रचना ही वास्तुकलेची कृती म्हणून संरक्षणास पात्र होऊ शकते. तिच्यातील एकेक घटक साधा असला तरी चालेल, मात्र त्यांच्या मांडणीत एकसंध व निर्मात्याची छाप असलेली योजना हवी. फर्निचर इमारतीला कायमचे जोडलेले असणेही आवश्यक नाही.

आपल्याकडेही असेच व्हावे, अशी मागणी करण्याचा मोह होतो. कलम २ (ब) मध्ये वास्तुकलेची कृती म्हणजे कलात्मक स्वरूप किंवा डिझाइन असलेली इमारत वा रचना. अंतर्भाग त्यात आहे असेही म्हटलेले नाही आणि नाही असेही नाही. तेव्हा वाट मोकळी दिसते. परंतु या वाटेवर एक खड्डा आहे. कलम ५९ प्रमाणे वास्तुकलेच्या कृतीचा भंग करणारे बांधकाम एकदा सुरू झाले की ते थांबविण्याचा मनाई हुकूम मिळत नाही, पाडण्याचा आदेशही मिळत नाही; भरपाईवर समाधान मानावे लागते. कलम ५२ अन्वये वास्तुकलेच्या कृतीचे चित्र किंवा छायाचित्र काढून प्रसिद्ध करणे हा भंगच ठरत नाही. म्हणजे खोलीला 'वास्तुकला' हा मान मिळाला तर त्या मानाबरोबर या दोन्ही मर्यादा सजावटकाराच्या गळ्यात पडतील. दुकानाचे काम अर्ध्यावर असताना ते थांबविता यावे हीच ज्याची निकड, त्याने आपली खोली वास्तुकला आहे असे नोटिशीत लिहून दिले, तर तो प्रतिपक्षाच्या वकिलाचे काम करून ठेवतो. त्याच नोटिशीत 'आमच्या अशिलांचे आराखडे' हे शब्द आले असते तर निदान तो युक्तिवाद समोरच्याला आयता मिळाला नसता. भारतातील संरक्षणाची चर्चा करणाऱ्यांनी इटलीचा निकाल उचलताना हा फरक लक्षात घेतलेला दिसत नाही. दोन-चार शब्दांच्या निवडीने हक्काचे स्वरूप पालटते, याचे याहून चांगले उदाहरण व्यावहारिक भाषेच्या वर्गाला मिळणार नाही.

दाखविलेली कल्पना, न दिलेला मोबदला

आराखडा नसेल, केवळ सादरीकरण झाले असेल, तर काय? कल्पनेत कॉपीराइट नसतो. येथे विश्वासभंगाचा आधार उपयोगी पडतो आणि त्याचे महत्त्वाचे निकाल मुंबईचेच आहेत. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या २००३ च्या निकालात एका मालिकेची संकल्पना विश्वासाने सांगितलेली होती, म्हणून तिच्या वापरास मनाई कायम राहिली. उलट तरुण वाधवा विरुद्ध सारेगामा या २०२१ च्या प्रकरणात गोपनीय म्हणून नेमके काय दिले होते ते काटेकोरपणे दाखविता न आल्याने वादीला काही मिळाले नाही. दोन्ही प्रकरणे मनोरंजन व्यवसायातील असली तरी सजावटकाराच्या पहिल्या बैठकीला तंतोतंत लागू पडतात. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर 'ही माहिती केवळ विचारार्थ, कामाचा आदेश मिळेपर्यंत गोपनीय' एवढी ओळ आणि पाठविल्याची तारीख असेल, तर नंतरच्या नोटिशीला पाय असतात.

मोबदल्याचा प्रश्न याहून व्यापक आहे आणि अधिक क्लेशकारकही. मे २०१८ मध्ये अलिबागजवळ अंतर्गत सजावटकार अन्वय नाईक यांच्या आत्महत्येनंतर थकलेल्या देयकांचा विषय राज्यभर चर्चिला गेला. प्रकरण २०१९ मध्ये बंद झाले, २०२० मध्ये पुन्हा उघडले. आरोप ज्यांच्यावर होते त्यांनी ते नाकारले. ११ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला आणि २७ नोव्हेंबरच्या सविस्तर निकालात, प्रथमदर्शनी फिर्यादीतून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे घटक सिद्ध होत नाहीत, असे म्हटले. त्या प्रकरणाच्या खऱ्याखोट्यात शिरण्याचे येथे कारण नाही. चर्चा मात्र राजकारण आणि फौजदारी कायदा यांतच अडकली. सजावटकाराचे देयक वेळेवर वसूल होण्याची दिवाणी वाट कोणती, हा साधा प्रश्न मागे पडला.

ती वाट आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सजावटकाराचे देयक कराराने ठरविलेल्या मुदतीत, आणि ती मुदतही ४५ दिवसांहून अधिक नाही, द्यावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज आणि सुविधा परिषदेकडे दाद. कलम १५, १६ आणि १८ एवढे तीन आकडे नोटिशीत आले, तर 'फौजदारी कारवाई करण्यात येईल' या वाक्यापेक्षा हिशेबनीस अधिक गांभीर्याने वाचतो. धनादेश न वटल्यास ३० दिवसांच्या आत नोटीस द्यावीच लागते आणि १५ दिवस वाट पाहावी लागते. तेथे नोटीस ही कायद्याची पायरी आहे. इतर बहुतेक खासगी वादांत ती केवळ एक पत्र असते. या पत्राने मुदतीचा काळ थांबत नाही. देयकाचा किंवा कॉपीराइटभंगाचा दावा साधारणतः तीन वर्षांत दाखल करावा लागतो; नोटिशीमागून नोटीस पाठवीत बसलेल्यांचा तो हातचा जातो. उलट समोरच्याने मुदतीच्या आत लेखी व सहीनिशी 'रक्कम देणे आहे, सवड द्या' असे उत्तर दिले, तर त्या कबुलीपासून देयकाची मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून असे उत्तर येईल अशी नोटीस लिहिणे हे कौशल्य आहे. अपमानास्पद नोटिशीला असे उत्तर येत नाही.

धमकीची किंमत

अपमानाची आणखीही किंमत आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम ६० निराधार धमकीला उपाय देते. हक्क नसताना कोणी कारवाईची धमकी दिली, तर धमकावला गेलेला मनुष्य स्वतःच दावा लावून भंग झालेला नाही असे जाहीर करून घेऊ शकतो, धमक्यांना मनाई मिळवू शकतो, नुकसानभरपाईही मागू शकतो. धमकी देणाऱ्याने तत्परतेने स्वतःचा दावा दाखल केला तरच तो यातून सुटतो. नोटिशीच्या प्रती ग्राहकाच्या बँकेला, भागीदारांना, इतर सजावटकारांना पाठविण्याची जी पद्धत दिसते ती या कलमापुढे धोक्याची आहे, आणि बदनामीचा प्रश्न निराळा.

वेळेचाही विचार हवा. कॉपीराइटचा वाद व्यापारी वाद ठरतो आणि ३ लाख रुपये वा अधिक मूल्य असल्यास व्यापारी न्यायालय कायद्याचे कलम १२-अ लागू होते. तातडीचा हुकूम मागावयाचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ते निर्णायकपणे सांगितले. सहा महिने नोटिशी पाठवून मग 'तातडी आहे' म्हणणाऱ्यावर न्यायालयाने विश्वास का ठेवावा? एक गोष्ट सजावटकाराच्या सोयीची आहे. कलम ६२ प्रमाणे वादी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. सोलापूरचे आराखडे पुण्यात वापरले गेले म्हणून पुण्यास धावण्याचे सहसा कारण नाही.

भाषेचा एक मुद्दा राहतो. १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली, तरी सजावटकारांच्या नोटिशी पुष्कळदा इंग्रजीत निघतात, जणू इंग्रजीने दबाव वाढतो. सोलापुरात वाचणारा मिस्त्री हिंदी बोलणारा, दुकानदार कन्नड किंवा तेलुगू घरातला असू शकतो. मराठी त्या सर्वांना समजते. न समजलेल्या इंग्रजी कागदाला उत्तर म्हणून दुसरी इंग्रजी नोटीस येते आणि मूळ प्रश्न दोन वकिलांच्या मध्ये हरवतो.

साच्यातील परिच्छेद बदलून पाहावा. 'आमच्या अशिलांनी अमुक तारखेस आपणांस दिलेल्या आराखडा क्रमांक ३ व ५ यांच्या आधारे आपण आपल्या दुसऱ्या दुकानात भिंतीचे कपाट व छताची रचना करून घेतली आहे. सदर आराखडे करारातील सहाव्या अटीनुसार पहिल्या दुकानापुरतेच होते. दोन्ही जागांची छायाचित्रे सोबत आहेत. या वापराचे शुल्क करारातील दराने अमुक रुपये होते. ते आपणांस मान्य असल्यास देण्याची तारीख कळवावी. मान्य नसल्यास कारण कळवावे. आमचे अशील मध्यस्थीस तयार आहेत.' येथे चोरी हा शब्द नाही आणि विशेषणही नाही. पण प्रत्येक वाक्य न्यायालयात सिद्ध करता येण्याजोगे आहे आणि शेवटच्या दोन वाक्यांत उत्तराला जागा ठेवली आहे.

हे लिहिता येण्यासाठी आराखड्याला क्रमांक, तारीख आणि करारात सहावी अट असावी लागते. आराखडा व्हॉट्सअॅपवर गेला असेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. तोपर्यंत मोबाइल बदलला गेला असेल तर मूळ संदेश शोधण्यापासून सुरुवात होते. पाठविलेल्या नोटिशीची पोच जपून ठेवणारे सजावटकार पुष्कळ आहेत; पाठविलेल्या आराखड्याची पोच घेणारे थोडे.